पुढे चढ आहे का?

कोकणात सायकलवर एकट्याने निघालेल्या माणसाचं दिवसभर दोनच प्रश्नांवर भागतं. एक लोक त्याला विचारतात, "एकटेच?" दुसरा तो लोकांना विचारतो, "पुढे चढ आहे का?" पहिल्याला नुसती मान हलवली तरी चालते. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही कुणाला विचारलंत त्यावर ठरतं, हे कळायला मला अलिबागपासून गुहागरपर्यंतचे तीन दिवस लागले.

चौथ्या दिवशी गुहागर ते गणपतीपुळे गाठायचं होतं. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, नरवण, तवसाळ, मग खाडी ओलांडून जयगड आणि मालगुंड. एकूण पासष्टच्या आसपास किलोमीटर. समुद्र दिवसभर उजव्या हाताला राहणार, म्हणजे रस्ता सपाटच असणार, असं आम्हा घाटावरच्यांना उगाच वाटतं. समुद्र असतो, पण खाली. आपण असतो जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर. गाव मात्र खाली, पुळणीशी किंवा खाडीच्या काठाला. त्यामुळे रस्ता प्रत्येक गावाला भेटायला खाली उतरतो आणि भेट झाली की पुन्हा सड्यावर चढतो. लग्नाच्या पत्रिका वाटत निघालेल्या माणसासारखा, एकही घर न चुकवता.

सकाळी चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न टाकला. मोटरसायकल टेकवून उभ्या असलेल्या तरुणाने हात सरळ पुढे केला. "छे हो, चढबिढ काही नाही. सरळ रस्ता." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्यापुरता चढ म्हणजे मनगट इंचभर जास्त पिळणं, ते कोण लक्षात ठेवतो? शेजारी वस्तीच्या एसटीचे ड्रायव्हर बशीत चहा ओतून पीत होते. ते म्हणाले, "पालशेत सोडलं की गाडी दुसऱ्यात घ्यावी लागते." मी हे मनात टिपून ठेवलं. एसटी तिसऱ्यात चढत असेल तर मी हलक्या गिअरवर रडतखडत चढतो. दुसऱ्यात जात असेल तर सायकल हातात धरून चालायची.

टपरीवर डझनभर केळी घेतली. एकट्याला डझन कशाला, असं टपरीवाल्याच्या चेहऱ्यावर दिसलं, पण त्यामागे माझा हिशेब होता. मी, सायकल आणि दोन्ही बाजूंच्या पिशव्या मिळून शंभर किलो होतो. शंभर किलो शंभर मीटर उचलायला ९८ हजार ज्यूल लागतात, म्हणजे साधारण २३ कॅलरी. पण शरीर हे इंजिन उधळं. खाल्लेल्यातला चौथा हिस्सा जेमतेम कामाला लागतो, बाकीचा घामावाटे जातो. तेव्हा शंभर मीटरच्या चढाला शंभर कॅलरी, म्हणजे एक मोठं केळं. फोनमधला नकाशा चढाचे मीटर दाखवतो, ते मी केळ्यांत मोजतो. वेळणेश्वरला पोचेपर्यंत चार केळी संपली होती आणि नकाशाच्या मते दोनच संपायला हवी होती.

वेळणेश्वरचा उतार मजेचा. वळणावळणाने नारळीच्या शेंड्यांच्या बरोबरीने आपण खाली येतो, मग त्यांच्या बुंध्यांशी. दोन्ही हातांनी ब्रेक आवळून बोटं आखडली. खाली देवळाशी पाणी भरून घेतलं आणि समुद्राकडे पाच मिनिटं पाहिलं. जास्त पाहवलं नाही, कारण आलो तेवढं सगळं परत वर जायचं हे डोक्यात होतं. चढाची धास्ती घेतलेल्या माणसाला उतार नीट भोगता येत नाही.

हेदवीनंतरच्या एका घाटीला, तिसऱ्या वळणाच्या आधी, मी उतरलो. चालणंसुद्धा जड जात होतं. मागून एक आजी आल्या, डोक्यावर वाळक्या फाट्यांचा भारा, पायात स्लिपर. मला गाठलं, आणि ओलांडून जायच्या आधी सौजन्य म्हणून थांबल्या.

"कुठनं आलास रे?"

"अलिबागहून."

"ह्याच्यावरनं?" त्यांनी सायकलकडे बघितलं. "एकटाच? घरात भांडलास काय?"

नाही म्हटलं, हौस म्हणून. हे उत्तर त्यांना भांडणापेक्षा गंभीर वाटलं असावं.

"आजी, पुढे चढ आहे का?"

त्यांनी वर बघितलंही नाही. "हे वळण. मग एक वळण, ते बारीक. मग मोरी लागेल, तिथे सपाट आहे दहा पावलं. मग सरळ चढ, तो वाईट. फणस आला की संपलं. फणसाला मी भारा टेकते."

आणि पुढे गेल्या. भारा जराही हलत नव्हता, मान स्थिर आणि पावलं लहान-लहान, एकसारखी. मी त्यांच्या मागे सायकल ढकलत तीच चाल धरायचा प्रयत्न केला. बारीक वळण आलं. मोरी आली. सपाटी मोजली, बारा पावलं भरली, पण माझी पावलं त्या वेळी आखूडच पडत होती. सरळ चढ खरोखरच वाईट होता. फणसाच्या बुंध्याला कमरेच्या उंचीवर साल गुळगुळीत झाली होती, भारे टेकून टेकून. आजी तिथे नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी भारा टेकलाच नसावा. मी सायकल टेकवली आणि एक केळं खाल्लं.

त्यानंतर मी गाडीवाल्याला विचारणं बंद केलं. डोक्यावर, खांद्यावर, कडेवर काही असेल अशाच माणसाला विचारायचं.

तवसाळच्या उतारानंतर जेटीवर मात्र कुणाला काही विचारावं लागत नाही. गाड्या नेणाऱ्या फेरीला इथे जंगलजेटी म्हणतात. ट्रक, जीप, मोटरसायकली आणि मी. सायकल कठड्याला दोरीने बांधली आणि शास्त्री नदीच्या मुखावर, त्या रुंद पाण्यावर, दिवसातले पहिले संपूर्ण सपाट अंतर पार केलं, तेही बसून. रेवस–रेड्डी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. गावकऱ्यांना ते हवेतच, रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर जेटीची वाट बघून कसं चालेल? मला तेवढा पूल नको आहे, पण माझं मत सहा दिवसांच्या पाहुण्याचं.

जयगडला उतरलो की लगेच वर. कातळावर ऊन आणि वारा, दोन्ही तोंडावर. मालगुंडला केशवसुतांच्या घराशी थांबलो खरा, पण कविता आठवण्याइतका श्वास शिल्लक नव्हता. तसाच पुढे गेलो. शेवटचं केळं काळं पडलं होतं, तेही खाल्लं.

गणपतीपुळ्यात घरगुती खोली मिळाली. मालक गल्ल्यावर बसून वहीत नाव लिहीत होते. "एकटेच? वरची खोली आहे, चालेल ना? लहानसा जिना आहे."

"पायऱ्या किती?"

ते हसले. "आता पायऱ्या कोण मोजतंय साहेब, असतील आठ-दहा."

जिन्यावरून एक बाई पाण्याची रिकामी बादली घेऊन उतरत होत्या. त्यांना विचारलं.

"सतरा," त्या म्हणाल्या. "आणि वळणावरची उंच आहे, तिथे बादली हिंदकळते."