जन्मगावाचा रकाना

स्कॉटलंडच्या जुन्या जनगणनेची पानं वाचायचा मला नाद आहे. तिथं माझं नात्यागोत्याचं कुणी नाही. जमीनदारांची घरं मी भराभर उलटते. मन रमतं ते ॲबर्डीनशायरमधल्या शेतगड्यांच्या घरांत. नवरा घोड्यांची जोडी नांगराला धरणारा, बायको आणि पाठोपाठची पोरं.

१८४१च्या गणतीत पंधरावर वय असेल, तर ते पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायचं होतं. चौतीस वर्षांचा बाप्या सरळ तीसचा. कोण कुणाचं कोण, हेही नाही. १८५१पासून मात्र नातं आणि जन्माची पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख) लिहू लागले आणि पानं बोलायला लागली. थोरली फायव्हीची, पाठचा ऑक्टरलेसचा, मधली टरिफची, तान्हं मेथलिकचं, असं एखादं घर असतं. सगळ्या पॅरिश शेजारशेजारच्या. लग्न झालेल्या गड्याची बोली सालाची. मजुरी थोडी रोख, थोडी ओटच्या पिठाच्या नि दुधाच्या रूपात. घर शेताबरोबर मिळायचं आणि काम सुटलं की सुटायचं. मे महिन्यात साल भरलं की गाडीवर संसार चढवून नवं शेत गाठायचं. त्या बाईनं काही लिहून ठेवलेलं नाही, पण तिच्या बाळंतपणांवरून नवऱ्याचे मालक मोजता येतात.

पुढच्या, १९११पर्यंतच्या सगळ्या गणत्या मार्चअखेर नाहीतर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाल्या. म्हणजे गणना करणारा पत्ता टिपत असताना या घराला महिन्या-दोन महिन्यांत बाडबिस्तरा आवळायचा असू शकतो. कापणी तर अजून लांबच. तेव्हा ही बाई शेतात कितीही राबो, एप्रिलात तिच्या धंद्याचा रकाना कोरा, नाहीतर तिथं ‘नांगऱ्याची बायको’. हा काय धंदा झाला? (तसा आहेच म्हणा.)

१८६१पासून खिडकी असलेल्या खोल्याही मोजू लागले. या घरांपुढे बहुतेक एक, फार तर दोन. माणसं आठ! दारं लावून घेता येणारे लाकडी पेटीपलंग असत, तेवढाच आडोसा.

कधी आजीच्या घरात ‘नातू’ दिसतो, त्याची आई मात्र नाही. त्या भागात लग्नाआधीची मुलं बरीच होत. आई कुठल्यातरी शेतावर कामाला, पोर आजीकडे. पानावर ना लाज, ना खुलासा.

आणि मागच्या गणतीतला चार वर्षांचा मुलगा दहा वर्षांनंतरच्या गणतीत घरात नसतो. पोटात धस्स होतं. मग तो शेजारच्या पॅरिशमध्ये एका मोठ्या शेतावर सापडतो, नात्याच्या रकान्यात ‘नोकर’. झोपायला तबेल्यालगतची गड्यांची खोली, जेवायला मालकाचं स्वयंपाकघर. सापडतो म्हणजे काय, जेम्स, जॉन आणि अलेक्झांडर यांचा तिथं नुसता सुळसुळाट. त्याच वयाचे, त्याच आडनावाचे दोन-तीन निघतात, आणि त्यातला आपला कुठला हे ठरवण्यात माझी अख्खी रात्र जाते.