सुरगाठ

वर्तकनगरला आत्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या तीन दोऱ्या आहेत. त्यातली मधली दर पावसाळ्याच्या तोंडाला सैल पडते. नायलॉनची दोरी, वर्षभर ऊन खाते, ओल्या चादरी झेलते, आणि मे संपेपर्यंत तिला पोट सुटतं. मग आत्या स्टूल घेते, चढू नकोस असं मी म्हणायच्या आत चढते आणि दोरीच्या शेपटाला एक हिसका देते. सगळी गाठ मोकळी. कात्री नाही, नखं नाहीत, दात नाहीत. आत्याला सदुसष्टावं चालू आहे आणि संधिवाताने तिची बोटं आल्याच्या कुड्यांसारखी झाली आहेत.

ही गाठ तिला धाकट्याने शिकवली. धाकटा म्हणजे माझा आतेभाऊ. आम्हा सात भावंडांत शेवटचा, म्हणून सगळ्या घराण्याचाच धाकटा. पलटणीतले त्याचे मित्र फोनवर त्याचं कागदावरचं नाव घ्यायचे, तेव्हा हे कोणाबद्दल बोलतायत हे कळायला आम्हाला क्षणभर लागायचं.

घरात आम्हाला गाठी दोनच ठाऊक. सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ ओढली की आणखी बसते. धाकट्याला निरगाठीचा मनापासून राग होता. दुधाच्या पिशवीला रबर लावायच्या ऐवजी मी दोऱ्याच्या दोन निरगाठी मारल्या, तर तो पिशवी घेऊन अर्धा तास बसला, पण कात्री लावू दिली नाही. “निरगाठ मारणारा माणूस आळशी असतो, ताई. पुढं कुणीतरी सोडवणार आहे, हे त्याच्या डोक्यातच येत नाही.” तेव्हा तो अकरावीत होता आणि माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. मला ते वाक्य उगाचच लागलं.

मधल्या दोरीच्या एका टोकाला ट्रेकवाल्यांची बोलाइन नावाची गाठ आहे. तिची एक गोष्ट असते. दोरीचं बीळ करायचं. ससा बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो आणि परत बिळात जातो. ठाण्यात कुठला आलाय ससा, म्हणून धाकट्याने त्याचा खेकडा केला. पाऊस पडला की येऊरच्या ओढ्यात खेकडेच बाहेर येतात. या गाठीवर माणूस लोंबकळला तरी ती सरकत नाही, आणि ओझं उतरलं की अंगठ्याने ढकलून सुटते. दुसऱ्या टोकाची गाठ मात्र त्याने वागळे इस्टेटच्या टेंपोवाल्यांकडून उचलली. माल भरून वर ताडपत्री टाकली की ते दोरीच्या मध्येच एक फास काढतात, टोक खालच्या हुकातून फिरवून त्या फासातून ओवतात आणि खाली खेचतात. फास कप्पीचं काम करतो, त्यामुळे हाताच्या जोराहून कितीतरी जास्त ताण दोरीला बसतो. वर एक सुरगाठ, की झालं. शाळेत कप्पीवर मला दहापैकी नऊ मार्क होते. कप्पी कळली ती आत्याच्या गॅलरीत.

त्या घराच्या मागे, म्हणजे उपवनचं तळं ओलांडलं की, येऊर सुरू होतं. वरच्या मजल्यावरून डोंगराची कड दिसते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगलाची ही ठाण्याकडची बाजू, आणि धाकट्याच्या मते आमच्या गॅलरीचा पुढचा भाग. शाळेतून दप्तर टाकून तो तिकडेच. बिबट्याचा माग, कांडोळाचं पांढरं भुतासारखं खोड, कुठल्या दगडाखाली विंचू असतो, हे सगळं तो आईला जेवताना सांगायचा. आत्याला त्यातलं निम्मं ऐकायचं नसायचं.

एका जूनमध्ये त्याने पाटोणपाड्याच्या एका मावशीकडून शेवळांच्या चार जुड्या आणल्या. आम्ही मूळ साताऱ्याकडचे. शेवळं ही पावसाळी रानभाजी आम्हाला ठाऊक नव्हती. आत्याने पालेभाजीसारखी चिरली, कांद्यावर परतली, आणि भाकरीबरोबर सगळ्यांनी खाल्ली. दहा मिनिटांत घशात हजार सुया. आतोबा आरशासमोर जीभ बाहेर काढून उभे, आजी देवाचं नाव घेत गूळ चघळतेय, आणि धाकटा खाली मान घालून पुटपुटतोय, “मावशी काहीतरी काकडं घ्या म्हणत होती, मला वाटलं काकडी. म्हटलं, घरात आहे.” काकडं म्हणजे आवळ्याएवढी आंबट फळं, ती घातली की शेवळांची खाज मरते, आणि आतला पिवळा भाग आधीच काढून टाकायचा असतो. हे शेजारच्या प्रधानमंडळींकडून कळलं, पण दुसऱ्या दिवशी. आत्या आता शेवळं उत्तम करते. काकडं जरा जास्तच घालते.

सैन्यात जायचं हे त्याने कधी ठरवलं, कुणाला सांगता येणार नाही. देशप्रेमाबिशप्रेमाचं त्याच्या तोंडी कधी यायचं नाही. मला विचाराल तर त्याला छताखाली बसायची नोकरी नको होती, आणि घरात दरमहा पक्का पगार हवा होता. दोन्ही कारणं मला पुरेशी मोठी वाटतात. उपवनच्या रस्त्यावर तो पहाटे धावायचा आणि सायकलवर मागे आतोबा, हातात घड्याळ. भरतीला १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं तर पूर्ण गुण. आतोबा प्रत्येक वेळी दहा सेकंद वाढवूनच सांगायचे, म्हणजे पोरगं गाफील राहायला नको. हे त्यांनी भरतीनंतर कबूल केलं. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात कसम परेड झाली, तेव्हा आम्ही नऊजण गेलो होतो. चारशे पोरं एकसारखी, एकसारखे केस. आत्याने लांबूनच ओळखला. “बुटाच्या नाडीवरून,” म्हणाली. मला ते कधी पटलं नाही. तेवढ्या अंतरावरून बूटसुद्धा दिसत नव्हते.

वर्षाला साठ दिवसांची रजा. पहिला दिवस झोपायचा. दुसऱ्या दिवशी दोऱ्या तपासायच्या. तिसऱ्या दिवशी पहाटेची कसारा लोकल पकडून आसनगाव आणि तिथून माहुली. शहाजीराजांनी १६३६ मध्ये निजामशाहीसाठी शेवटची झुंज दिली तो हा ठाणे जिल्ह्यातला गड. एकदा मीही गेले. शिडीपाशी माझे पाय लटपटायला लागले, तर त्याने माझ्या कमरेला दोरी बांधली आणि वरच्या टोकाला स्वतः बसला. मी वर पोचले तेव्हा तो आरामात चिक्की खात होता. दोरी झाडाला बांधलेली. “मग तू कशाला बसलायस?” “तू वर बघितल्यावर मी दिसायला हवा ना.”

आतोबांना अर्धांगाचा झटका आला, त्या रजेत तो माहुलीला गेला नाही. पलंगाच्या पायथ्याला त्याने एक जाड सुती दोरी बांधली, उशीपर्यंत येईल एवढी, आणि तिला वीतभर अंतरावर गाठी मारल्या. आतोबांनी चांगल्या हाताने पहिली गाठ धरायची, खेचायचं, मग दुसरी, मग तिसरी, की उठून बसलेच. नर्सबाईंनी बघितलं आणि आणखी दोन पेशंटांच्या घरी तशी करून घेतली. या मात्र निरगाठी होत्या. मी चिडवलं, तर म्हणाला, “या सोडवायच्या नाहीतच. या धरायच्या.”

शेवटच्या रजेत त्याची पलटण सियाचीनला जाणार होती. तिथे १९८४ च्या एप्रिलपासून आपली माणसं आहेत; धाकट्याचा जन्मही नंतरचा. एकदम वर नेत नाहीत, म्हणाला. आधी सहा दिवस, मग थोडं वर चार, मग आणखी वर चार, असं शरीराला उंचीची ओळख करून देतात. मग पोरांना ते दाखवायचं ठरलं. माझी दोन आणि दादाची तीन अशी पाच पोरं त्याने गॅलरीतल्याच दोरीने एकामागे एक बांधली आणि हॉलमधून स्वयंपाकघराकडे मोहीम निघाली. बर्फाला भेगा असतात, वरून दिसत नाहीत. एक आत गेला की बाकीच्यांनी ताबडतोब पोटावर पडायचं आणि कुऱ्हाड बर्फात रोवायची. कुऱ्हाडीच्या जागी उलथनी. भेग म्हणून आतोबांची आरामखुर्ची. आतोबा “गिळला, गिळला!” ओरडायचे, आणि चार पोरं धाडकन फरशीवर. खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन आले आणि थोडा वेळ तेही थांबले.

फेब्रुवारीत हिमकडा कोसळला. दोरी भेगेतून वर काढते. डोंगरच वरून आला तर दोरीला काही करता येत नाही.

त्या दिवसांबद्दल मला फार लिहायचं नाही. एक गोष्ट मात्र अजून सलते. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर धाकटा होता, आणि त्याच्याहून मोठे चेहरे इतर सहा-सातजणांचे होते, ज्यांना तो ओळखतही नव्हता. पंधरा दिवसांनी फ्लेक्स गेला. कापूनच नेला असणार, कारण दोरीचे तुकडे विजेच्या खांबाला अजून लटकतायत. एकावर एक निरगाठी. आत्या भाजी आणायला त्याच रस्त्याने जाते. पहिल्या वर्षी एकदाच म्हणाली, “बघ कशा मारून ठेवल्यात. तो सोडवत बसला असता.” तो खांब आला की ती रस्ता ओलांडते.

येऊरला २०१६ मध्ये कारवी फुलली होती. ती आठ वर्षांनी एकदाच फुलते. धाकटा तेव्हा रजेवर होता आणि घरी येऊन हात पसरून पसरून सांगत होता, डोंगरच जांभळा झालाय, पुढच्या वेळी आईला नेणार. ती पुढची वेळ २०२४ मध्ये आली. आम्ही आत्याला रिक्षात घालून नेलं. ती काठी टेकून झुडपांपाशी गेली, एक फूल जवळून बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाली, “एवढीशीच?” आणि मग, “त्याला सगळंच वाढवून सांगायची सवय.” उतरताना मात्र रिक्षावाल्याला तिने दोनदा थांबायला लावलं.

यंदा जूनच्या पहिल्या रविवारी तिने मला स्टुलावर चढवलं. तिला आता तोल सांभाळत नाही, हे ती बोलली नाही, मीही नाही. खेकडा बिळातून बाहेर आला, झाडाला वळसा घातला आणि बीळ चुकला. “सोड,” आत्या खालून. दुसऱ्यांदा खेकड्याने झाडच चुकवलं. “सोड. परत.” पलंगावरून आतोबा, त्यांच्या जड झालेल्या जिभेने, “दहा सेकंद जास्त!” चौथ्यांदा जमलं. दुसऱ्या टोकाला फास काढला, दोरी ओवली, खाली खेचली. ती अशी ताठ झाली की टिचकी मारली तर वाजावी. वर सुरगाठ. मी घाम पुसत खाली उतरायला लागले.

“आता सोडून दाखव,” आत्या म्हणाली.

“अगं, आत्ताच बांधली ना?”

“बांधलेली दिसली मला. सुटते का बघायचंय.”

मी परत चढले, शेपटाला हिसका दिला. मोकळी.

“हं,” आत्या म्हणाली. “बांध आता. मशीन थांबलंय, चादरी पिळून पडल्यात.”