बेट रिकामं करा, नाहीतर भरून टाका

एखाद्या बेटावरच्या लोकांनी "आमचं आम्ही बघून घेतो" असं म्हणायच्या आतच त्यांचा आवाज बंद करायचे दोन रस्ते आहेत. एक तर बेटावरची माणसं उचलून दुसरीकडं नेऊन टाकायची, म्हणजे विचारायला कुणी उरतच नाही. नाहीतर बाहेरची इतकी माणसं आणून बसवायची की मतदान घेतलं तरी निकाल आपल्याच बाजूनं. पहिला रस्ता ब्रिटननं हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवर वापरला आणि दुसरा फ्रान्सनं न्यू कॅलेडोनियाला. हे मी गेले काही महिने वाचतोय आणि डोक्यातून जातच नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

न्यू कॅलेडोनिया म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिकमधलं बेट, मूळ लोक कनाक. १८५३ ला फ्रान्सनं तिथं झेंडा लावला, मग १८६४ पासून कैदी आणून सोडले, आपल्याकडं काळं पाणी होतं तसंच काहीसं. चांगल्या जमिनी गोऱ्यांच्या गुरांसाठी गेल्या आणि कनाकांना कोपऱ्यातल्या राखीव पट्ट्यात ढकललं. १८७८ ला अताई नावाच्या त्यांच्या सरदारानं उठाव केला, त्याला मारून त्याचं मुंडकं पॅरिसला नेलं आणि ते परत मिळालं कधी, तर २०१४ ला! पुढं पहिल्या महायुद्धात सैन्यभरती काढली त्यावरून १९१७ ला परत उठाव. (त्याच युद्धात आमच्या साताऱ्याकडच्या एकट्या अपशिंग्यातले ४६ जवान कामी आले. तिकडं उठाव आणि इकडं स्मृतिस्तंभ, असो.)

पण खरी मेख पुढंच आहे. त्या बेटात निकेलचा मोठा साठा आहे आणि १९७० च्या आसपास निकेलला सोन्याचे दिवस आलेले. तेव्हा फ्रान्सचे पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी १९७२ मध्ये एका पत्रात सरळ लिहिलं की इथलं फ्रेंच वर्चस्व मोडू शकतं ते फक्त मूळ लोकांच्या राष्ट्रवादी मागणीमुळं, आणि त्यावर उपाय म्हणजे फ्रान्समधून मोठ्या संख्येनं लोक आणून वसवायचे. आडपडदा नाही, काही नाही. आपल्याकडं असलं कुणी लिहीत नाही, नुसतं करतात. आज कनाक तिथं साधारण ४१ टक्के आहेत, स्वतःच्याच बेटावर निम्म्याहून कमी.

म्हणून तिथं सगळी भांडणं मतदार यादीवरून होतात. १९८४ च्या नोव्हेंबरात एलॉय माशोरो या कनाक नेत्यानं कानाला गावात मतपेटीवर कुऱ्हाड घातली, तो फोटो अजून फिरतो. दोन महिन्यांच्या आत पोलिसांच्या गोळीनं तो गेला. १९८८ ला उवेआ बेटावर चार जेंडार्म, म्हणजे तिकडचे लष्करी पोलीस, मारले गेले, बाकीच्यांना ओलीस धरून गुहेत नेलं, आणि फ्रेंच कमांडोंनी ती गुहा घेतली तेव्हा १९ कनाक आणि दोन सैनिक मेले. त्यानंतर मात्र दोन्ही बाजूंना घाम फुटला, करार झाला, कनाकांच्या वतीनं सही करणारे झाँ-मारी चिबाऊ वर्षभरातच एका कनाक माणसाच्याच हातून मारले गेले कारण त्याला वाटलं यांनी तडजोड केली. चिबाऊंचे दोन भाऊ १९८४ ला वसाहतवाल्यांच्या हल्ल्यात आधीच गेलेले, तरी हा माणूस बोलणी करायला बसला होता.

१९९८ च्या नुमेआ (तिथली राजधानी) करारात ठरलं की तीन वेळा सार्वमत घेता येईल आणि नवीन आलेल्यांना त्यात मत नसेल. २०१८ ला स्वातंत्र्याच्या बाजूनं ४३ टक्के, २०२० ला जवळपास ४७. म्हणजे अंतर कमी होत चाललेलं. तिसरं डिसेंबर २०२१ ला. तेव्हा कोरोनानं कनाकांच्यात मयतीच मयती, त्यांच्यात सुतक लांब चालतं, ते म्हणाले पुढं ढकला, फ्रान्स म्हणालं नाही. मग त्यांनी बहिष्कार टाकला, मतदान ४४ टक्क्यांच्या आत आणि निकाल ९६ टक्के 'स्वातंत्र्य नको'. आता असल्या निकालाला काय अर्थ? पण पॅरिसनं हिशोब मिटला असं धरलं आणि २०२४ ला प्रांतिक निवडणुकीची यादी दहा वर्षं राहिलेल्या सगळ्यांना खुली करायचं विधेयक आणलं, म्हणजे एका दमात सुमारे २५ हजार नवीन मतं. १३ मेला नुमेआ पेटलं. आमचं साताऱ्याचं लोकसभेचं मतदान नुकतंच ७ मेला उरकलेलं आणि सगळे कोण किती लीड घेणार यात गुंग, त्यामुळं ती बातमी आपल्याकडं कुठं आतल्या पानावर गेली असेल तर असेल. १४ माणसं गेली. विधेयक शेवटी गुंडाळावं लागलं.

चागोसचं थोडक्यात सांगतो कारण ते बऱ्याच जणांना माहीत असतं, निदान मॉरिशसच्या बाजूनं तरी, तिकडं आपले मराठी लोक आहेत ना. १९६५ ला ब्रिटननं मॉरिशसला स्वातंत्र्य द्यायच्या आधी ही बेटं तोडून बाजूला काढली, तीस लाख पौंड हातावर ठेवले आणि त्यातलं दिएगो गार्सिया बेट अमेरिकेला लष्करी तळासाठी दिलं. १९६८ ते ७३ मध्ये तिथली दीड-दोन हजार माणसं जहाजात भरून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन उतरवली. त्यांची कुत्री आधी मारली, गॅसनं. १९६६ च्या सरकारी टिपणात एका साहेबानं लिहिलंय की तिथं मूळ रहिवासी म्हणजे फक्त समुद्रपक्षी असतील आणि त्यांची अजून काही कमिटी नाही. हसत हसत लिहिलंय हे. ती माणसं अठराव्या शतकात नारळाच्या बागांवर गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशातली, पाच-सहा पिढ्या तिथल्याच मातीत पुरलेल्या, आणि कागदावर ते 'कंत्राटी कामगार'.

तेव्हापासून हे लोक लंडनच्या कोर्टात खेटे घालतायत. २००० ला जिंकले, २००४ ला सरकारनं राणीच्या हुकमानं तो निकाल फिरवला, २००८ ला सर्वोच्च पातळीवर तीन विरुद्ध दोन असे हरले. सातारकराला हे वाचताना रंगो बापूजी आठवल्याशिवाय राहत नाहीत, प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं लंडनला ठाण मांडून अर्ज करत राहिला आणि तो तिकडं असतानाच १८४८ ला कंपनीनं अख्खं राज्य खालसा केलं. ज्यानं लुटलं त्याच्याच दारात न्याय मागायचा, दुसरं दार कुठंय? २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सांगितलं ब्रिटननं लवकरात लवकर तिथून निघावं. मग २०२५ च्या मे महिन्यात करार झाला, त्यात ठरलं की बेटं मॉरिशसला द्यायची आणि दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाड्यानं परत ब्रिटनकडंच ठेवायचा. हा सौदा केला लंडन आणि पोर्ट लुईनं, म्हणजे मॉरिशसच्या राजधानीनं, चागोसवाल्यांना टेबलावर खुर्चीच नव्हती. त्यांच्यातही दोन तट आहेत, काही जणांना मॉरिशस चालतं, काहींना अजिबात नको. पण विचारलं असतं तर कळलं असतं ना.

आता हे सगळं मी आमच्या आण्णांना सांगत बसलेलो. आण्णा म्हणजे भावकीतले, फौजेतून रिटायर, शिव्या द्यायला एकदम तयार, फ्रान्सची आणि इंग्रजांची यथेच्छ झाडली त्यांनी. मग म्हणले, "बेटावरनं आठवलं, आमचे थोरले चुलते गेलेले की कॅम्पबेल बेला, सरकारनं जमीन दिलेली."

माझं तोंड बंद.

कॅम्पबेल बे म्हणजे ग्रेट निकोबार. १९६९ पासून पुढच्या दहा-बारा वर्षांत भारत सरकारनं तिथं ३३० माजी सैनिकांची कुटुंबं वसवली, पंजाब, केरळ, तमिळनाडू आणि महाराष्ट्रातली सुद्धा. का, तर बेट मोकळं आहे, सीमेवर आहे, आपली माणसं पाहिजेत. मोकळं नव्हतं, शोंपेन आणि निकोबारी हे आदिवासी होते तिथं. शोंपेन २०११ च्या जनगणनेत २२९. आणि आता तिथं बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि शहर असा ७२ हजार कोटींचा प्रकल्प येऊ घातलाय (पुढं तो आकडा वाढलाच). आज आठ-नऊ हजार लोकवस्तीच्या बेटावर साडेतीन लाख माणसं न्यायचा आराखडा आहे. मेस्मेरसारखं पत्र कुणी लिहिलेलं नाही, हेतू तसला असेलच असंही मी म्हणत नाही, पण बेरीज-वजाबाकी करून बघा.

कायद्यानं ग्रेट निकोबार ही कुणाची वसाहत नाही, मान्य. १९७९ ला भारतानं नागरी हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारताना लिहून ठेवलंय की स्वयंनिर्णयाचा हक्क परकीय सत्तेखालच्या लोकांनाच, स्वतंत्र देशातल्या एखाद्या समाजाला नाही. गंमत म्हणजे त्यावर हरकत कुणी घेतली, तर जर्मनी, नेदरलँड्स आणि फ्रान्स. न्यू कॅलेडोनियावाला फ्रान्स!

आण्णा भडकले. "मग काय, चुलत्याच्या नातवंडांनी आता बोजा बांधून माघारी यायचं का? सुनामीत त्यांची बाग गेली, आता विमानतळाला जमिनी जाणार म्हणतात, ते कुठं चोर आहेत?"

नाहीत, बिलकुल नाहीत. आणि याचं उत्तर मला कनाकांच्यातच सापडलं. १९८३ ला पॅरिसजवळ नाँविल-ले-रोश इथं चर्चा झाली तेव्हा फ्रान्सनं पहिल्यांदा कनाकांचा स्वातंत्र्याचा जन्मजात हक्क मान्य केला, आणि तिथं कनाकांनी काय केलं, तर कैद्यांचे आणि मजुरांचे वंशज, म्हणजे ज्यांना इतिहासानंच तिथं आणून टाकलं ते लोक, तेही आमच्यासारखे इतिहासाचे बळी आहेत, त्यांनी आमच्याबरोबर मत द्यावं असं म्हणले. स्वतः कमी पडू हे माहीत असून. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की दार आतून आम्ही उघडू, बाहेरून तुम्ही मोडू नका.

आण्णा जरा वेळ गप्प, मग म्हणले, "बरं, त्या निकोबारी लोकांना कुणी विचारलं का?"

विचारलं, असं कागदावर आहे. ऑगस्ट २०२२ ला तिथल्या ट्रायबल कौन्सिलनं एनओसी दिली. नोव्हेंबरात परत घेतली, कारण सुनामीआधी ज्या गावांत ते राहत होते तीच जमीन राखीव क्षेत्रातून काढली जातीये हे त्यांना सांगितलंच नव्हतं. २००४ पासून ते कॅम्पबेल बेजवळच्या वस्त्यांत राहतायत आणि तेव्हापासून एकच मागणं आहे, आम्हाला आमच्या गावी जाऊ द्या. काम मात्र पुढं चालू आहे.