खरंच_फायनल_3

ब्रिटनमध्ये संशोधक म्हणून रुजू झाले त्याला वर्ष होत आलं होतं. 2019 चा उन्हाळा. भूजलावरचा माझा पेपर स्वीकारल्याचं कळलं, कॉपीराइटचा फॉर्म आला, मी न वाचता सही ठोकून दिली. दोन दिवसांत ग्रंथालयाचा ईमेल: अभिनंदन, पेपर रिपॉझिटरीत ठेवलात का?

मी तो ईमेल बाजूला ठेवला. भारतात शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर पीएचडीचे प्रबंध चढवतात हे ठाऊक होतं, पण इथे साधा पेपरही विद्यापीठाच्या स्वतःच्या ऑनलाइन संग्रहात ठेवायचा असतो, आणि तोही लेखकानेच, हे माझ्या गावी नव्हतं. अडीच महिन्यांनी पेपर छापून आला. काय देखणा दिसत होता! दोन रकाने, वर नियतकालिकाचं बोधचिन्ह. ती पीडीएफ मी कौतुकाने चढवली आणि हात झटकले.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंचं उत्तर. ही प्रत चालणार नाही.

पेपर माझा, तीन वर्षांची मेहनत माझी, आणि माझीच प्रत चालणार नाही? मग त्यांनी फोनवर न कंटाळता समजावलं. पेपरची तीन रूपं असतात. परीक्षकांकडे पहिल्यांदा जातो तो मसुदा. त्यांच्या शेऱ्यांनुसार दुरुस्त होऊन स्वीकारली जाते ती दुसरी प्रत, आपल्या वर्डमधली, ओबडधोबड. आणि प्रकाशकाने मांडणी करून छापलेली तिसरी. मी सही केलेल्या फॉर्मने हक्क प्रकाशकाकडे गेले होते. त्यातून लेखकाला परत मिळते ती बहुधा मधली प्रत, तीही काही काळ कुलूपबंद ठेवण्याच्या अटीवर. कुठला प्रकाशक काय चालवून घेतो हे तेव्हा शेर्पा रोमियो नावाच्या साइटवर बघता यायचं. रिसर्चगेट या संशोधकांच्या सोशल साइटवर टाकलं तर नाही का भागणार, असं मी विचारून पाहिलं. नाही भागत.

बाईंच्या चिकाटीला कारण होतं. इथे दर काही वर्षांनी ‘रेफ’ नावाचं विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन होतं आणि विद्यापीठाला संशोधनासाठी मिळणारा बराचसा सरकारी पैसा त्यावर ठरतो. 1 एप्रिल 2018 पासून स्वीकारल्या गेलेल्या पेपरांना तेव्हा नियम होता: स्वीकारल्यापासून तीन महिन्यांत ती मधली प्रत रिपॉझिटरीत हवी, नाहीतर सहसा तो पेपर मोजणीतून बाद. माझे अकरा दिवस उरले होते.

आणि नेमकी ती फाईल सापडेना. ‘फायनल’ होती, ‘फायनल_2’ होती, ‘खरंच_फायनल’ होती. प्रत्येकीत कुठलातरी आलेख जुना. सहलेखक सुट्टीवर. शेवटी नियतकालिकाच्या सबमिशन सिस्टिममध्ये माझ्याच खात्यात सापडली, ‘खरंच_फायनल_3’ या नावाने. पेपर लिहिणाऱ्या कुणाला यातून एवढंच घ्यायचं असेल तर घ्या: स्वीकारल्याचा ईमेल येईल त्याच दिवशी ती फाईल वेगळी काढून ठेवा.

या सगळ्याची मुळं इथलीच निघाली. आमची रिपॉझिटरी ज्या ईप्रिंट्सवर चालायची ते सॉफ्टवेअर साउथहॅम्प्टन विद्यापीठात 2000 साली तयार झालेलं. संशोधकांनी आपले पेपर स्वतःच इंटरनेटवर फुकट ठेवावेत, असा आग्रह मानसशास्त्राचे प्राध्यापक स्टीव्हन हारनाड 1994 पासून धरत होते. भौतिकशास्त्रज्ञ तर 1991 पासून आर्काइव्ह (arXiv) या ऑनलाइन संग्रहावर तेच करत होते. दुसरा रस्ता म्हणजे प्रकाशकाला पैसे मोजून पेपर खुला करणं. ते शुल्क हजारो पौंडांत जातं. स्वतः ठेवायला मात्र दमडी लागत नाही, फक्त कंटाळा आड येतो.

माझ्या प्रतीला बारा महिन्यांचं कुलूप लागलं. पानावर नाव, सारांश दिसायचा आणि खाली ‘प्रत मागवा’ असं बटण. कुणी ते दाबलं की मला ईमेल यायचा, मी ‘हो’वर टिचकी मारली की फाईल त्यांना जायची. पहिली मागणी तिसऱ्या आठवड्यात आली. पीएचडीचा विद्यार्थी होता, त्याच्या ग्रंथालयाने त्या नियतकालिकाची वर्गणी बंद केली होती. कशासाठी हवंय, हे त्याने दोन ओळींत लिहिलं होतं. वर्षभरात असे नऊ ईमेल आले. एकाने तर माझ्या समीकरणातली चूक दाखवली. बरोबर होती!

कुलूप उघडलं तसे ते ईमेल थांबले. आता प्रत कुणीही थेट उतरवून घेतं, आणि पानावर आकडा तेवढा वाढताना दिसतो.