खोटे कावळे, खोटे घुबड आणि कॅन्ससची ज्वारी

पहाटे साडेपाच वाजता आम्ही अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या विचिटाहून निघालो तेव्हा तापमान उणे ८ अंश होते, आणि पिकअपच्या मागच्या हौद्यात दोन पोत्यांत मिळून अठरा कावळे आणि एक घुबड होते, सगळे प्लास्टिकचे. गाडी चालवणारे गृहस्थ माझ्या धाकट्या भावाचे शेजारी. वय सत्तरीच्या पुढे, विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि वयाच्या दहाव्या वर्षापासून कावळ्यांची शिकार करणारे. विचिटा हे विमाने बांधणाऱ्यांचे शहर असल्यामुळे भावाची आणि त्यांची ओळखही कारखान्यातलीच. मला पक्षी पाहण्याचा नाद आहे हे कळल्यावर त्यांनीच सोबत येण्याविषयी विचारले होते. "दादा, तुला बघवणार नाही," असे भाऊ आदल्या रात्री दोनदा म्हणाला. मी बंदूक हातात घेणार नव्हतोच. पण जो पक्षी मी आयुष्यभर रोज पाहत आलो त्याला फसवणे शिकारी लोक इतके अवघड का मानतात, हे मला जवळून पाहायचे होते, म्हणून गेलो.

विचिटा ते हचिन्सन हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. वाटेत जी नदी सोबत करते तिचे नाव नकाशावर आर्कन्सॉ असे वाचले जाते, पण इथले लोक तिला हट्टाने 'अरकॅन्झस' म्हणतात, आणि मी चुकीचा उच्चार करताच गृहस्थांनी तो लगेच सुधारला. नदीकाठी उंच कॉटनवुड, आणि शेतांच्या कडेने झाडांच्या लांबच लांब रांगा. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी या मैदानी प्रदेशाची माती उडवून नेली, त्यानंतर वारा अडवण्यासाठी सरकारने अशा रांगा लावून घेतल्या. मुळात झाडे विरळ असलेल्या या गवताळ प्रदेशात कावळ्याला बसायला आणि रात्र काढायला जागा झाली ती अशाने. खायला धान्य माणसाने पेरले, बसायला झाडही माणसानेच लावले, आणि मग कावळे फार झाले अशी तक्रारही त्यानेच केली.

कॅन्सस म्हणजे गहू, असे आपण भूगोलात शिकतो, आणि दंवाखाली गव्हाची हिरवी पाती दिसतही होती. पण गाडी थांबली ती ज्वारीच्या शेताशी. ज्वारीच्या उत्पादनात अमेरिकेत कॅन्ससचा पहिला क्रमांक लागतो. तिला इथे 'मायलो' म्हणतात आणि ती बहुतेक जनावरांच्या खाद्यात जाते. ताटे कमरेइतकीच उंच, कणसे तांबूस आणि गच्च. कापणी यंत्राने झालेली होती, धसकटे उभी होती आणि सांडलेले दाणे ओळींमधून पसरलेले होते. मी खाली बसून चार दाणे उचलले आणि तोंडात टाकले. मी मंगळवेढ्याचा आहे. ज्वारीचा दाणा समोर पडलेला असताना तो दाताखाली न घेता पुढे जाणे मला जमणारे नव्हते.

लहानपणी आमच्या रानात ज्वारी हुरड्यात आली की राखण सुरू व्हायची. माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायची, खडा सोडताना तोंडाने हारोळी द्यायची आणि भोरड्यांचा थवा उठला की दुसऱ्या टोकाकडे धावायचे. रानात बुजगावणे असायचे, काकांचा फाटका सदरा घातलेले. पाखरांनी दूर राहावे यासाठी केलेला तो खोटा माणूस. कॅन्ससमध्ये त्या पहाटे मी ज्याची मांडणी पाहिली ते नेमके त्याच्या उलट होते. इथे पाखराने जवळ यावे म्हणून खोटे पाखरू ठेवायचे होते.

गृहस्थांनी पोते सोडून एक कावळा माझ्या हातात दिला. आकार खऱ्याइतका, अंग पोकळ, आणि त्यावर मखमलीसारखी बारीक काळी लव चिकटवलेली. नुसते प्लास्टिक उन्हात चकाकते आणि ती चकाकी कावळ्याला दूरवरून कळते, म्हणून ही लव. हातातला तो कावळा मी उलटसुलट करून पाहत होतो आणि मला दुसऱ्याच एका खोट्या कावळ्याची आठवण झाली. वडिलांच्या दहाव्याला पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात पिंड ठेवून आम्ही दोघे भाऊ तासभर उभे होतो. कावळे समोर होते, पण शिवत नव्हते. आईला सांभाळू, शेत विकणार नाही, धाकट्याला परदेशी जाऊ देऊ, असे जे सुचेल ते आम्ही मोठ्याने बोलत होतो. अखेरीस गुरुजींनी दर्भाच्या काड्यांना दोन गाठी मारल्या, तो दर्भाचा कावळा पिंडाला लावला आणि विधी पूर्ण केला. कावळा आला नाही तर त्याच्या जागी त्याची प्रतिमा, ही सोय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. मी हे सारे गृहस्थांना जमेल तसे सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे तुम्हीही त्यांना हाका मारता."

मांडणीला पाऊण तास लागला. बारा कावळे धसकटांत, चरणाऱ्या थव्यासारखे विखरून, पण तोंडे साधारण वाऱ्याकडे, कारण पक्षी वाऱ्याला सामोरा बसतो. चार कावळे रांगेतल्या झाडांच्या खालच्या फांद्यांवर. एक मात्र लांब काठीने कॉटनवुडच्या अगदी शेंड्याजवळ अडकवला. तो पहारेकरी. चरणारा थवा खाली असताना वर एखादा तरी टेहळणीला असतो, आणि तो नसेल तर येणाऱ्यांना शंका येते. अठरावा कावळा घुबडासमोर, हातभर अंतरावर. घुबड एका खांबावर, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असे. आम्ही वाऱ्याकडे पाठ करून झुडपांच्या आडोशाला बसलो, कारण उतरणारा कावळा वाऱ्याविरुद्ध येतो, म्हणजे थेट आमच्या समोरून येणार. चेहऱ्यावर जाळीचे कापड ओढायला लावले. माणसाचा उजळ चेहरा आणि त्याची हालचाल यांनीच बहुतेक डाव फसतो, असे त्यांचे म्हणणे.

घुबडाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतले मोठे शृंगी घुबड रात्री झाडावर झोपलेला कावळा उचलून नेते, तेव्हा त्याच्यापुढे कावळ्याचा इलाज चालत नाही. पण दिवसा तेच घुबड उघड्यावर सापडले तर ज्याला ते प्रथम दिसेल तो कावळा ओरडून सगळ्यांना बोलावतो, आणि हाक ऐकणारे हातातले खाणे टाकून येतात. घुबडाला घेरून, टोचून, ओरडून ते त्याला त्या भागातून हुसकावून लावतात. आपल्याकडेही पाखरे पकडणारे लोक घुबड बांधून ठेवतात आणि त्याच्यावर चालून येणारी लहान पाखरे चीक लावलेल्या काड्यांवर धरतात. युक्ती तीच आहे.

झुंजूमुंजू झाल्यावर त्यांनी खिशातून लाकडी कॉल काढला. अंगठ्याएवढी नळी, आत सनईला असते तशी पत्ती. ती फुंकायची नसते. पोटातून हुंकार देत श्वास सोडायचा, म्हणजे आवाज घोगरा आणि खरा येतो. इलेक्ट्रॉनिक यंत्रही सोबत होते, त्यात नोंदवलेले आवाज होते आणि कावळ्यांसाठी ते वापरण्यास इथे मुभा आहे, पण ते त्यांनी बॅगेतच ठेवले. आधी तीन सावकाश, लांब हाका: 'इथे खाणे आहे.' मग थोडे थांबून त्याच नळीतून जे निघाले ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. घाईचा, फाटलेला, एकावर एक चढणारा आवाज. त्यात भाषा नव्हती, तरी अर्थ लहान मुलालाही कळला असता: कोणीतरी संकटात आहे, धावा.

नदीच्या बाजूने उत्तर आले. आधी एक, मग पाच-सहा, मग झाडांच्या वर काळे ठिपके. पहिला कावळा सरळ घुबडावर आला, पंख मिटून, इतक्या वेगाने की त्याच्या पिसांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. त्याच्या डोळ्यांपुढे आम्ही नव्हतोच. बार झाला आणि तो धसकटांत पडला. मला वाटले, आता सगळे पांगतील. काही वर उसळले, पण गृहस्थांनी तोच आकांताचा आवाज चालू ठेवला आणि ते परत फिरले, पडलेल्याच्या वर घिरट्या घालत, अधिकच मोठ्याने ओरडत. अर्ध्या मिनिटात आणखी तीन पडले.

मी त्या क्षणापर्यंत समजत होतो की कावळ्याला फसवतात ते त्याच्या हावरेपणाचा फायदा घेऊन. तसे नाही. धान्याची हाक ऐकून तो झाडावर बसून विचार करतो. तो विचार न करता येतो तो फक्त दुसऱ्याच्या किंकाळीला. त्याच्या अंगी जो सर्वांत मोठा गुण आहे त्याच्याच दाराशी बंदूक लावून बसायचे, असा हा खेळ आहे, आणि तो खेळ म्हणून मला आवडू शकला नाही, जरी त्यातली विद्या मला थक्क करत राहिली.

साडेनऊपर्यंत चौदा कावळे पडले. गृहस्थांनी एकही मागे ठेवला नाही. एक जखमी होऊन झाडांत गेला होता, त्याला शोधण्यात आमचा अर्धा तास गेला आणि तो सापडेपर्यंत त्यांनी दुसरा बार काढला नाही. पहिला पडलेला मी उचलून घेतला. हा आपल्या गावकावळ्यासारखा राखी मानेचा नाही, डोमकावळ्यासारखा पूर्ण काळा आहे, पण चोच त्याच्याइतकी जाड नाही. अंग अजून गरम होते. नाकपुड्यांवर राठ केसांसारखी पिसे, पाठीवर जांभळी झाक. गृहस्थांनी मला त्याची चोच उघडून आत पाहायला सांगितले. आत गुलाबी होते. प्रौढ कावळ्याचे तोंड आतून काळे असते; हे त्याच वर्षी घरट्यातून बाहेर पडलेले पिल्लू होते. या जातीची पिल्ले लगेच वेगळी होत नाहीत, कित्येक तर वर्ष-दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ आईबापांजवळ राहून पुढच्या भावंडांना भरवतात. हाकेला सर्वांत आधी तीच येतात, असे ते म्हणाले, आणि त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

या शिकारीला कायदा आहे. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यात अमेरिकी कावळा सुरुवातीला नव्हता. मेक्सिकोबरोबरच्या करारात १९७२ साली दुरुस्ती झाली तेव्हा तो संरक्षित यादीत आला. तेव्हापासून राज्यांना वर्षातून जास्तीत जास्त १२४ दिवसांचा हंगाम ठेवता येतो आणि घरट्यांच्या ऐन दिवसांत शिकार करता येत नाही. कॅन्ससचा हंगाम हिवाळ्यात असतो, मात्र किती मारावेत याला मर्यादा नाही. योगायोग असा की त्याच १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि त्यात गावकावळा उंदरांच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसला. ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने गेली. मर्यादा नसण्याविषयी मी गृहस्थांना माझे मत स्पष्ट सांगितले. कापणीनंतर जमिनीवर सांडलेले दाणे कावळ्याने खाल्ले तर शेतकऱ्याचे काय गेले, हे मला कळत नाही. त्यांनी वाद घातला नाही. त्यांच्या वडिलांच्या काळी कावळ्यांच्या रात्रीच्या वस्त्यांत स्फोटके लावत असत, असे ते म्हणाले. ते खरेच आहे: इलिनॉय राज्यात रॉकफर्डजवळ १९४० साली अशा स्फोटांत तीन लाखांहून अधिक कावळे मारले गेले होते. त्यापुढे आडोशाला बसून एकेक हाक घालणे त्यांना प्रामाणिक वाटते.

आवराआवर करताना मी विचारले की उद्या पुन्हा इथेच का. ते नाही म्हणाले. या जागेवर ते महिनाभर येणार नाहीत. जे वाचले त्यांनी सर्व पाहिले आहे. सिएटलच्या विद्यापीठात २००६ साली पक्षी-अभ्यासक जॉन मार्झलफ यांनी एक विशिष्ट मुखवटा घालून सात कावळे पकडले व सोडून दिले होते, आणि पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा दिसताच कावळे, त्या दिवशी तिथे नसलेलेही, त्याच्यावर ओरडत राहिले. मी हे सांगितले तेव्हा गृहस्थांनी मान हलवली. त्यांची गाडी गेली काही वर्षे ते आडोशापासून अर्धा मैल लांब उभी करतात, कारण गाडीही ओळखली जाते.

संध्याकाळी परतताना त्यांनी नदीच्या पुलावर गाडी थांबवली. सूर्य मावळत होता आणि दक्षिणेकडून कावळे रात्रीच्या वस्तीकडे चालले होते. एकेक, दोनदोन, मग न तुटणारी ओळ, पाऊण तास तरी. नदीच्या पात्रावरून ती सरळ येत होती. सकाळच्या त्या झाडांच्या रांगेच्या अलीकडे ती पश्चिमेला वळली, शेताला लांबचा फेरा घातला आणि पलीकडे पुन्हा नदीवर आली. आमची नजर पोहोचेपर्यंत एकही कावळा त्या शेतावरून गेला नाही.