अपडेट ७: फूट रेलवरून बॉल उडणं थांबलं, पण पाचर अजून बाकी आहे

वागळे इस्टेटच्या आठफुटी पूल टेबलाच्या सहाही रेलना (कडेच्या कठड्यांना) नवं के-६६ आकाराचं कुशनचं रबर लागलं, इथपर्यंत मागच्या अपडेटमध्ये आलं होतं. चारही साइड रेल आणि हेड रेल (ब्रेक मारतात त्या टोकाची) छान चालत होत्या. समोरच्या टोकाची फूट रेल मात्र हट्टाला पेटली होती. हळू मारलेला बॉल गुमान परत यायचा आणि जोरात मारला की कुशनला लागताच कापड सोडून उडायचा. फोन टेबलाच्या बेडवर (खेळायच्या सपाट भागावर) आडवा ठेवून सेकंदाला २४० फ्रेम्सवर शूट केलं, तेव्हा बॉलखाली उजेडाची फट स्पष्ट दिसली. काल रात्री ती फट मिटली.

रबर निर्दोष निघालं. रबराचा कडकपणा मोजणाऱ्या शोअर-ए मीटरवर सहाही पट्ट्यांचा आकडा सारखाच होता. बोल्ट मधून कडेकडे, दोन फेऱ्यांत आवळले. रेलवर टकटक केली तर कुठेही पोकळ आवाज नाही. मग हाइट गेज लावला आणि चोर सापडला. बॉल ५७.१५ मिमीचा. डब्ल्यूपीएच्या (पूलच्या जागतिक संघटनेच्या) मापाप्रमाणे नोजची, म्हणजे रबराच्या बॉलला लागणाऱ्या टोकाची, उंची बॉलच्या व्यासाच्या ६२.५ ते ६४.५ टक्के हवी, म्हणजे साधारण ३५.७ ते ३६.९ मिमी. साइड रेल ३६.४ भरल्या, फूट रेल ३५.२.

एवढ्याशा फरकाने काय होतं? लोळत येणाऱ्या बॉलचा समोरचा भाग खाली जात असतो, त्यामुळे रबराचं घर्षण त्याला वर ढकलतं. नोज बॉलच्या मध्याच्या वर असतो, म्हणून रबर त्याच वेळी बॉलला खाली दाबतं. नोज उतरला की हा दाब कमी पडतो, घर्षण जिंकतं आणि बॉल उडतो. उडालेल्या बॉलला कापडाची पकड नसते, मग रनिंग साइड (बॉल कुशनवरून ज्या दिशेला जाणार त्या दिशेचा स्पिन) देऊन मारलेला बँकही (कुशनवर आपटवून परतवलेला शॉटही) भलतीकडे जातो. नोज प्रमाणाबाहेर वर गेला तर बॉल बेडमध्ये दाबला जातो आणि वेग मरतो. नोज बॉलच्या सात-दशांश उंचीवर, म्हणजे ४० मिमीवर हवा, असा हिशेब बरेच जण सांगतात. तो आडव्या धक्क्यासाठी बरोबर आहे, पण त्या उंचीला रबराचा धक्का आडवा राहत नाही, खाली झुकतो.

फूट रेलच उतरली, कारण जुना गोंद काढताना सबरेलच्या (रबर ज्यावर चिकटतं त्या लाकडाच्या) तिरप्या बाजूवर रंधा जास्त चालला होता. अँगल गेजवर २ अंशांचा फरक आला. लाकडापासून नोजपर्यंत रबर सुमारे ३० मिमी धरलं तर २ अंशांत नोज १ मिमी खाली येतो. हिशेब चोख जुळला.

तात्पुरता उपाय म्हणून सबरेलखाली १ मिमी सनमायकाची पट्टी दिली. पुठ्ठा किंवा पॅकिंग रबर देऊ नका, दोन्ही दबतात. पट्टी बोल्टपाशी तुकड्यांत नको. पूर्ण लांबीची घ्या, बोल्टची भोकं मोठी पाडा आणि कापडाच्या स्टेपलच्या बाहेरच्या अंगाला बसवा. वर आलेली एक स्टेपलही रेल उचलून धरते, त्या आधी ठोकून घ्या. उंची मोजायची ती कापड चढवून, बोल्ट आवळून झाल्यावरच. बेडचं कापड रेलखालीही जातं आणि तिथे दबतं. आता नोज ३६.२ वर आहे. हेड स्पॉटवरून फूट स्पॉटवर सरळ, दणदणीत मारलेला बॉल टेबलाच्या चार लांब्या पार करून आणखी थोडा पुढे गेला, आणि एकदाही उडाला नाही! पावसाळ्यात कापड ओलसर असताना हा आकडा फार गोड वाटतो.

हे लिहिता लिहिता एक खटकलं. पट्टीने उंची सुधारली, पण नोजचं तोंड अजूनही २ अंश खालीच झुकलेलं आहे. म्हणजे फूट रेल आणि साइड रेल बॉलला सारखा प्रतिसाद देणार नाहीत आणि तीन कुशनच्या किकमध्ये (पांढरा बॉल आधी तीन रेलवर आपटवून मारलेल्या शॉटमध्ये) ते दिसेल. तेव्हा रेल पुन्हा उतरवायची. तो कोन भरून काढायला पाचर हवी. बीच लाकडाची पाचरपट्टी शून्य ते १ मिमी उतरती रंधून घेणं अवघड, त्यामुळे एपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवून तिरप्या बाजूवर साच्याने ओढायचं ठरतंय. नोज सुमारे अर्धा मिमी पुढे येईल. डायमंडच्या (रेलवरच्या नेम धरायच्या खुणेच्या) मध्यापासून नोजपर्यंत ९३.७ मिमी, कमीजास्त ३ मिमी चालतं, त्यामुळे डायमंडचं गणित बिघडणार नाही.

रबर उतरवताना फाटलं तर नवी पट्टी लागेल. नागदेवीच्या गल्लीत मिळणारी साधी औद्योगिक रबरपट्टी या कामाची नाही. वरच्या अंगाला कापडाचा थर मुरलेलीच घ्या. चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ आमच्या मते पुरेसं आहे. दोन्ही बाजूंना दोन पातळ हात, आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. ठाण्याच्या पावसात डब्यावरच्या वेळेपेक्षा जास्त थांबावं लागतं, आणि एकदा टेकवलं की सरकवता येत नाही.

पॉकेटची फेसिंग (पॉकेटच्या तोंडाशी कुशनच्या टोकांना लागणाऱ्या पट्ट्या) ३ मिमीची लावली आहेत, त्यात तक्रार नाही. एपॉक्सी रविवारी ओढायचं; त्यानंतर सनमायका काढून सहाही रेलची उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजून टाकतो.