जांघेतला हर्निया: तपासणी, ऑपरेशन आणि नंतरचं

उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा आला होता. उभा राहिलो, खोकलो की बाहेर. आडवा झालो की गायब. फार दुखत नसे, पण दिवसभर काउंटरला उभं राहिल्यावर संध्याकाळी तिथे ओढ लागायची. जागा अशी, की चारचौघांत बोलायची सोय नाही. शेजारच्या दुकानदाराने पट्टा सुचवला. पट्टा बाहेरून दाबून धरतो, पोटाच्या भिंतीतलं भोक काही बुजवत नाही.

सर्जननी उभं करून जांघेत बोट ठेवलं. "काका, खोका." खोकलो. "हर्नियाच आहे." म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कच्च्या जागेतून आतलं आतडं वगैरे बाहेर डोकावणं. गर्भात असताना अंडकोष पोटातून जिथून खाली उतरतात, तिथे पोटाची भिंत मुळातच कच्ची राहते. म्हणून हा त्रास बायकांपेक्षा पुरुषांना कितीतरी जास्त. साधारण चार पुरुषांत एकाला आयुष्यात कधीतरी होतोच. जुना खोकला, बद्धकोष्ठ, प्रोस्टेटमुळे लघवीला करावा लागणारा जोर यांचीही चौकशी झाली.

"घाई नाही," ते म्हणाले, "पण फुगवटा कडक होऊन आत जाईना, दुखून उलट्या लागल्या, तर रात्री दोन वाजले असले तरी निघायचं." आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. हे ऐकल्यावर मीच तारीख मागितली. आरोग्य विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत हर्नियाला दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तोवर त्याचा खर्च मिळत नाही. माझी पॉलिसी जुनी, त्यामुळे कॅशलेस झालं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला सहसा पूर्ण भूल आणि खर्च जास्त. हर्निया दोन्ही बाजूंना असला किंवा ऑपरेशननंतर पुन्हा झालेला असला तर ते सोयीचं पडतं. माझा एकाच बाजूचा, म्हणून चिरा देऊन, पाठीत इंजेक्शन घेऊन करायचं ठरलं. कच्च्या जागेवर पॉलिप्रोपिलिन या प्लॅस्टिकची जाळी बसवतात. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांची जाळीशिवायची पद्धतही आहे, तिच्यात पेशंटच्याच स्नायूवरच्या पडद्याची पट्टी वापरतात. तिच्याबद्दल विचारलं, तर सर्जन म्हणाले, "माझा हात जाळीवर बसलाय." मला हे उत्तर आवडलं. ज्याचा हात जिथे बसलाय, तिथेच त्याने काम करावं.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पडद्यापलीकडे डॉक्टरांच्या क्रिकेटच्या गप्पा चालल्या होत्या. खरी परीक्षा नंतर. कमरेखालचा बधिरपणा उतरत आला तरी लघवी होईना. ब्रदरने बाथरूमचा नळ सोडून ठेवला, ओटीपोटावर कोमट पाण्याची पिशवी दिली, शेवटी म्हणाला, "आता नळी घालावी लागेल." त्या धास्तीने असेल किंवा त्याने आधार देऊन उभं केलं म्हणून असेल, पण झाली एकदाची. लघवी अडणं या इंजेक्शननंतर नेहमीचंच, म्हणे.

दुसऱ्या दिवशी खाली बघितलं आणि हबकलो. अंडकोष सुजून वांग्यासारखा काळाजांभळा! फोन केला. रक्त खाली उतरतं, ओसरेल, घट्ट सपोर्टर घाला, असं उत्तर आलं. ओसरलंही. पण सूज वाढतच गेली, ताप आला किंवा टाक्यांतून पाणी-पू आला, तर वाट बघत बसायचं नाही, हेही बजावलं.

बाकीच्या युक्त्या साध्या. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हातांवर जोर द्यायचा. शिंक आली की टाक्यांवर उशी दाबायची. रात्री इसबगोल, कारण शौचाला कुंथायचं नाही. चालायला त्याच संध्याकाळी लावलं. टाक्यांखालची कातडी अजून बधिर आहे. तिथल्या बारीक नसा दुखावतात, हळूहळू सुधारतं, थोडं राहतंही.

जड उचलायला दीड महिना बंदी होती. बायकोने दुकानातल्या पोरांना दम भरला, "काकांच्या हातात पाच किलोची पिशवीसुद्धा द्यायची नाही." पोरांनी ते इतकं मनावर घेतलंय, की मुदत संपली तरी तेलाच्या डब्याला मला हात लावू देत नाहीत. मीही फार आग्रह धरत नाही.